पांचाळकाकांचे बोलके डबे

रविवारी सकाळी बेल वाजली आणि दारात पांचाळकाका दिसले, की आमची ही गॅसवरचं दूध उतू जाऊ देते, पण आधी ओट्यावरचे डबे लपवते. कारण काका "या, बसा"ची वाट बघत नाहीत. सरळ स्वयंपाकघरात शिरतात, खिशातून मोबाइल काढतात आणि दिसेल त्या डब्याच्या बुडाला लावतात. डबा आमचा असला तर गप्प राहतो. काकांचा असला तर मोबाइलमधून एक बाई भयंकर शुद्ध मराठीत म्हणते, "मी पांचाळांचा डबा आहे. मी येथे काय करीत आहे?"

काका मूळचे लातूरकडचे. आकुर्डीच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांचा जन्म गेला. काकू गेल्यापासून रहाटणीत आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात, पण हात अजून मोठ्या खटल्याच्या स्वयंपाकाचा. त्यामुळे धपाटे, शेंगाची चटणी असलं काहीबाही डब्यांत भरून इमारतभर वाटत सुटतात आणि मग ते डबे हुडकत फिरतात. लोक भांड्यांवर नाव घालून घेतात. काकांनी प्रत्येक भांड्याच्या बुडाला टिकलीसारखा टॅग चिकटवलाय. मी चाकणच्या गोदामात दिवसभर टॅगच वाचत असतो, हे ठाऊक असूनही त्यांनी मला तो समजावून सांगितला.

"ह्याला सेल नाही, काही नाही. मोबाइल जवळ नेला की त्याच्याच लहरींवर जागं होतंय. पण चार बोटांवर जावं लागतंय बगा. लांबून हाका मारल्या तर ओ देत नाही."

सुरुवातीला त्यांनी साधेच टॅग स्टीलवर चिकटवले, तर एकही बोलेना. काका सुतकी चेहऱ्यानं हिंडत होते. मग धातूवर चालणारे खास टॅग आले आणि वाट्या, पेले, बश्या, सगळ्यांना वाचा फुटली.

मोहितेवहिनींकडे मुलीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हाची गोष्ट. काका आत आले, "चालू द्या तुमचं" म्हणाले आणि भावी सासऱ्यांच्या हातातल्या पोह्यांच्या बशीखाली मोबाइल धरला. "मी पांचाळांची बशी आहे," बाई म्हणाली. सासरे दचकले, पोहे मांडीवर. लग्न जमलं, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये वहिनींनी विषय काढलाच.

"काकांचं हे हुडकणं बंद करा. न्हाईतर आमी तरी त्यांना दार उघडनार न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या.

निस्तरायचं काम माझ्या गळ्यात पडलं. साहेबांना विचारून मी गोदामातलं लांबून वाचणारं मशीन आणलं, त्याचे टॅग मोठ्या हौसेनं काकांच्या नव्या डब्यांना लावून दिले. डबे वाटून झाल्यावर आम्ही दोघं जिन्यात उभं राहून मशीन फिरवू लागलो. मोहितेवहिनींच्या बंद दारासमोर ते किंचाळलं. समोरच्या दारापाशीही किंचाळलं. आमच्या दारापाशी गप्प राहिलं.

"बघा काका! कुणाच्या घरात शिरायलाच नको," मी छाती फुगवून म्हणालो.

काका पायरीवर बसले. मशीन उलटंसुलटं करून बघितलं.

"हे कमी करता येतंय का?"

"आवाज?"

"नाही ओ. ते लांबून वाचणं. चार बोटांवर आणा की."

"मग उपयोग काय त्याचा?"

"डबा कुणाला दिलाय ते मला ठाऊक नसतंय व्हय? मीच देतो की. स्टोअरमध्ये कधी एक वायसर हरवला नाही माझ्याकडनं." ते खाली बघत राहिले. "लोक डबा धुतात, पिशवीत घालतात अन् माझ्या कडीला अडकवून निघून जातात. बेल बी वाजवत नाहीत. म्हणून त्यांच्या आधी मीच येतो. डबा सापडंपर्यंत कुणीतरी चहा टाकतंय, काय चाललंय म्हणून इचारतंय."

एवढ्या हुशारीनं मी म्हाताऱ्याची सगळी दारंच बंद करायला निघालो होतो. मशीन बंद केलं आणि म्हणालो, "काका, घरी चला. चहा घेऊ."

"तुमच्याकडं तर डबा नाही निघाला."

"नसू दे. नुसतेच या."

काका उठले, माझ्या मागून दोन पायऱ्या उतरलेही. मग थबकले.

"नुसतं कसं यावं हो माणसानं?" म्हणाले, आणि चटणी भरून आणायला वर गेले.