चार नंबर चेंबरमधलं आवतण

पिंपळगाव बसवंतच्या त्या कोल्ड स्टोरेजचे मालक थोरला गोरक्ष आणि धाकटा महेश हे सख्खे भाऊ. एकाच ऑफिसात समोरासमोर बसत आणि एकमेकांशी रियाजमार्फत बोलत. रियाज हा तिथला इंजिनिअर. "रियाज, त्यांना सांग, एसी कमी करा," असं महेश म्हणे. गोरक्ष ते ऐकत असे. पण एसी कमी होई तो रियाजने सांगितल्यावरच. भांडण कशावरून झालं हे दोघेही विसरले होते. म्हणून काय कोणी अबोला सोडतं?

अडचण आली ती रविवारच्या साखरपुड्याने. महेशच्या वेदिकाचं ठरलं होतं, आणि थोरल्या चुलत्याला आवतण मुलीच्या बापाने स्वतःच्या तोंडाने द्यायचं, ही घरची रीत. माझ्या वतीने तू देशील का, असं महेशने रियाजला विचारून पाहिलं.

"शेठ, हे माझ्या पगारात बसत नाही," रियाज म्हणाला.

घरी त्याच्या बायकोने, आशाने निक्षून सांगितलं, "मोठे भाऊजी आल्याशिवाय पोरीला पाटावर बसवायची नाय मी. मग बसा व्याह्यांची तोंडं बघत."

शुक्रवारी नांदगावचा व्यापारी सफरचंदं बघायला येणार होता. चार नंबर चेंबरच्या हवेतला बराचसा ऑक्सिजन मुद्दाम काढलेला असतो. त्यामुळे फळं झोपल्यासारखी ताजी राहतात. माणसाने आत शिरण्याआधी दार उघडून, मोठा पंखा लावून ती हवा बदलावी लागते. गुरुवारी रियाजला मालेगावला जायची घाई होती. त्याने दार उघडलं आणि जाता जाता म्हणाला, "पंखा तेवढा लावा. एकमेकांना आठवण करून द्या."

आता रियाजच नाही म्हटल्यावर आठवण कोण कोणाला करून देणार? महेशला वाटलं, ते लावतील. गोरक्षला वाटलं, हा लावेल. पंखा निवांत राहिला.

सकाळी व्यापाऱ्याला चहा देऊन दोघेही नमुना आणायला आत गेले. एकाने निवडलेल्या फळावर दुसऱ्याचा भरवसा नव्हता.

दाराच्या आत पाच-सात पावलांवर ते क्रेट चाळू लागले. दम लागला नाही, घुसमटलं नाही. उलट महेशला डोक्यावरचं झाकण काढल्यासारखं मोकळं वाटलं. जगातले सगळे प्रश्न सोपे होते, हे इतके दिवस कुणी सांगितलं कसं नाही? दादाकडे बघून त्याला हसू फुटलं.

"काय दात काढतो रे, मह्या?"

"दादा, कानटोपी उलटी घातली तू."

"तुझी तरी सुलटी हाय का?"

महेशने कानटोपी घातलीच नव्हती. यावर दोघे क्रेटला धरून हसून लोटपोट झाले.

"दादा, रविवारी ये रे. तुझ्याबिगर कसला साखरपुडा!"

"येतो ना, गाढवा! तू बोलवायची तर वाट बघत व्हतो."

आणि त्याने धाकट्याला मिठी मारली.

तेवढ्यात रियाज मालेगावहून परत आला. भिंतीवरचं ऑक्सिजनचं मीटर बघायची त्याला गरजच पडली नाही.

"या अल्ला! हे दोघं बोलतायत!" तो ओरडला, आणि श्वास रोखून त्याने दोघांना कॉलर धरून बाहेर ओढलं.

दवाखान्यात डॉक्टर भाग्यश्रींनी समजावलं, "श्वासाची घंटा मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर वाजते. नुसता ऑक्सिजन कमी झाला तर ती गप्पच बसू शकते. मेंदूत आधी जातो तो विवेक, आणि माणसाला वाटतं आपण फार शहाणे झालो. थोडक्यात वाचलात! आता मात्र तुम्ही ठणठणीत आहात. परिणाम काही उरलेला नाही."

शेजारशेजारच्या खाटांवर दोघांनी विरुद्ध बाजूंना तोंडं फिरवली.

"रियाज, त्यांना विचार, आतलं काही आठवतं का?" गोरक्ष म्हणाला.

"रियाज, त्यांना सांग, काही नाही."

महेशला शब्द न् शब्द आठवत होता. विवेक परत आला होता आणि जीभ पुन्हा जड झाली होती. इतकी वर्षं अबोला धरला तो याच विवेकाच्या जोरावर, हे त्याला त्या खाटेवर पहिल्यांदा जाणवलं. पण बेशुद्धीच्या काठावर दिलेलं आवतण रीतीत धरायचं का?

रविवारी पाट मांडलेला, मुहूर्त टळत आलेला आणि आशा हाताची घडी घालून उभी. व्याही घड्याळाकडे बघू लागले, तेव्हा फेटा बांधून, हातात पैठणीची पिशवी घेऊन गोरक्ष दारात उगवला.

"रियाज," महेशकडेच बघत तो म्हणाला, "यांना सांग, डोक्यावर परिणाम झालाय. आपसूक पाय इकडं वळले."

"पण शेठ, डॉक्टर तर म्हणाल्या की परिणाम काहीच उर..."

महेशने चपळाईने एक अख्खा पेढा रियाजच्या तोंडात कोंबला.

"माझाबी उतरला नाय अजून," तो म्हणाला. "दादा, पाटाजवळ बस."

रियाजचं तोंड भरलेलं असल्यामुळे पुढचं सगळं त्या दोघांना आपापसातच बोलावं लागलं.