फिटणार कधी?

आमचे शेजारी वसंतकाका लग्नात अक्षता टाकून झाल्या की नवरदेवाच्या कानाशी लागतात आणि विचारतात, "हॉलसाठी कर्ज काढलंस ना? फिटणार कधी?" मागे आमच्या चिखले गावातल्याच एका लग्नात हे ऐकून मुलाचा चेहरा असा पडला की नवरीला वाटलं, हा आता लग्नच मोडतोय.

काकांचा उभा जन्म पतपेढीत कर्ज देण्यात आणि वसूल करण्यात गेला. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. चिकूची छोटी वाडी, ओट्यावरचा झोपाळा आणि हा प्रश्न, एवढाच संसार. गुजराती व्यापाऱ्यांशी बोलून बोलून प्रत्येक वाक्याला "बराबर ने?" चिकटलेलं. समोरच्यांनी एसी घेतला तर, "किती उन्हाळ्यांत फिटणार?" डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितला तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, गुडघ्याचे पैसे फिटेपर्यंत मी टिकणार का, ते आधी सांगा. बराबर ने?" गुडघा अजून जुनाच आहे.

तर माझ्या सायलीने बी.ए. झाल्यावर जाहीर केलं, की तिला समाजशास्त्रात एम.ए. करायचंय, तेही पुण्याच्या एका खाजगी विद्यापीठात. अकरा लाखांचं कर्ज काढून. मी तलासरीच्या शाळेत शिकवते. तिचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. मी म्हटलं, "बी.एड. कर." ती म्हणाली, "नाही." दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. मग मला युक्ती सुचली.

"वसंतकाकांना विचार," मी म्हटलं. ते एका प्रश्नात निकाल लावतील, अशी खात्री होती.

ती गेली. तासाभराने आली, ती हसत. दुसऱ्या दिवशी परत गेली. मग रोजच. मी शाळेतून दमून येऊन चहा टाकायची आणि पलीकडून झोपाळ्याची करकर आणि दोघांचं खिदळणं ऐकू यायचं. माझ्याशी "हो", "नाही", "जेवले" एवढंच बोलणारी मुलगी तिथे तास तास बोलायची. एकदा मी साखर मागायच्या निमित्ताने गेले. दोघं एकदम गप्प झाली. घरात डबाभर साखर असताना मी वाटीभर आणखी घेऊन आले.

"बाई, गंजाडचं तुम्हाला सांगितलं ना तिने?" काकांनी एकदा कुंपणापलीकडून विचारलं.

"काय गंजाडचं?"

सायली कॉलेजात असताना प्रकल्पासाठी गंजाड गावातल्या आदिवासी पाड्यांवर जात होती. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांतल्या मुलांच्या शाळेचं काय होतं, ते विचारत होती. तिथूनच हे समाजशास्त्राचं वेड. दिवाळीनंतर माझ्याच वर्गातले बाक रिकामे होतात, आणि मला हे शेजाऱ्याकडून कळत होतं!

"मला का नाही सांगितलंस?" मी घरात शिरल्या शिरल्या विचारलं.

"मी तोंड उघडलं की तू बी.एड. म्हणतेस, आई."

त्याच आठवड्यात तलासरीच्या एका संस्थेत काम करणाऱ्या बाई मला बस स्टँडवर भेटल्या. त्याही समाजशास्त्रातल्याच. म्हणाल्या, "सायलीचे बाबा येऊन गेले. गुडघा धरत जिना चढले आणि बसायच्या आधीच म्हणाले, पगार सांगा, लाजू नका, मुलीचं ठरवायचंय."

"ते शेजारी आहेत," मी म्हटलं. जरा जोरातच म्हटलं असावं, कारण स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली.

रविवारी काकांनी आम्हा दोघींना ओट्यावर बसवलं. "त्या बाईंना पंचवीस हजार मिळतात, तेही बऱ्याच वर्षांनी. पुण्याच्या कर्जाचा हप्ता साडेचौदा हजार. मग पोरगी खाणार काय? पुणं नको."

मी मनातल्या मनात टाळी वाजवली.

"पण मुंबईला सरकारी विद्यापीठ आहे. फी कमी, वसतिगृह आहे. दोन लाखांत होतं. हप्ता सव्वाचार हजार, पाच वर्षांत मोकळी. बराबर ने? समाजशास्त्र मात्र करू द्या, बाई. ती त्याबद्दल बोलते ना, तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं."

सायली उठून त्यांच्या पाया पडली. माझ्याकडे बघून नुसती हसली. मी कर्जाच्या कागदांवर सही केली, पण घास कुणीतरी आपल्या ताटातून उचलावा तसं वाटत होतं.

ती मुंबईला गेली. पलीकडचा झोपाळा गप्प झाला. आठवडाभराने संध्याकाळी काका आमच्या दारात आले. बसा म्हटलं तरी उभेच.

"सायलीचा फोन येतो?"

"रोज. साडेआठला."

"माझं काही विचारते?"

खोटं बोलायचं अगदी जिभेवर आलं होतं, पण बोलले नाही. "आधी तुमचंच विचारते," मी म्हटलं. "मग माझं."

ते हळूच म्हणाले, "मला पण करते कधीमधी. पण माझ्या फोनात माणूस दिसत नाही. तुमच्यात दिसतो म्हणे. उद्या येऊ?"

दिवसभरातला तो एकच अर्धा तास माझा एकटीचा होता.

"या," मी म्हटलं. "साडेआठला."

दुसऱ्या दिवशी ते आठलाच आले. इस्त्रीचा शर्ट घालून, केस ओले करून, नीट भांग पाडून.