पहिले गळती, मंग गाव

अंगाला पावडर लावणारी माणसे मी पुष्कळ पाहिली, पण फटफटीला पावडर लावणारा माणूस जन्मात एकच पाहिला. तो आमचा शेजारी, दौलत मिस्त्री. त्या पावडरीचा पुरवठा माझ्याकडून होत असे. मी चिखलीच्या शाळेत मास्तर होतो, आणि पावडर म्हणजे आमच्या फळ्यावरून झडलेला खडू.

वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले तेव्हाची ही गोष्ट. शाळा सुटायच्या सुमारास मिस्त्री पत्र्याचा रिकामा डबा घेऊन वर्गाच्या दारात उभा राही आणि विचारी, "मास्तर, पोरायचं ग्यान आज किती सांडलं?" मी फळ्याखालची भुकटी कागदावर गोळा करून त्याच्या डब्यात ओती. गणिताच्या दिवशी जास्त सांडे, निबंधाच्या दिवशी कमी. निबंध त्याला मुळीच आवडत नसे.

मिस्त्री आमच्या गावच्या जिनात फिटर होता. कापसातून सरकी काढणाऱ्या तिथल्या सगळ्या यंत्रांच्या नाड्या त्याला ठाऊक. दुसऱ्या खोलीत बसून, कान देऊन, कुठला पट्टा सैल झाला ते तो सांगे. असा हा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या दारातली फटफटी मात्र तेल गळायची. गावाला याची फार मजा वाटे. वैद्याच्या घरी पडसे म्हणतात ना, त्यातला प्रकार.

फटफटी विलायती होती. कापूस खरेदीला आलेला एक गोरा साहेब परत जाताना ती विकून गेला. गळती साहेबाच्या वेळेपासून होती की मिस्त्रीच्या हातात आल्यावर सुरू झाली, यावर जिनात दोन तट होते.

गळती शोधायची मिस्त्रीची रीत मोठी शिस्तीची होती. आधी सगळे इंजिन घासलेटने धुवायचे आणि फडक्याने कोरडे करायचे. मग खडूची भुकटी पातळ फडक्यात बांधून ती पुरचुंडी इंजिनावर आपटत राहायची. इंजिन पांढरेफेक झाले की फटफटी सुरू करून जिनाच्या फाटकापर्यंत न्यायची आणि परत आणायची. मग उकिडवे बसून, मान वाकडी करून, पांढऱ्यावर काळे कुठे उमटले ते बघायचे.

"खालून पाहू नका, मास्तर," तो मला बजावी. "तेल निघते वरून अन् दिसते खालून. जो खालून पाहीन थो फसन."

मी वरून पाही, खालून पाही, मला सगळीकडे सारखेच दिसे. त्याला मात्र रोज नवा चोर सापडे. "हा नट पाहा कसा साळसूद बसला हाय," असे म्हणून तो पान्ह्याने नट आवळी. दुसऱ्या दिवशी तो नट निर्दोष ठरे आणि दुसऱ्यावर आळ येई. एवढे झाल्यावर शेवटचे काम असे. इंजिनाच्या पोटाला एक झाकण होते आणि त्याच्या आत तेल गाळायची तारेची जाळी. मिस्त्री रोज ते झाकण उघडून जाळी बाहेर काढी, घासलेटमध्ये बुचकळी आणि उन्हाकडे धरून तिच्यातून बघे. इंजिनात काही झिजत असेल तर त्याचा कीस या जाळीत अडकतो म्हणे. "पोट साफ हाय," असे स्वतःशीच म्हणून तो जाळी परत बसवी.

संध्याकाळी फटफटीखाली कोरा कागद अंथरायचा आणि सकाळी त्यावरचे थेंब मोजायचे. कागद अर्थात माझ्याचकडचे, मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजू. "आज सात," तो कुंपणावरून सांगे. एकदा तीनच पडले तेव्हा त्याने आमच्या घरी पेढे पाठवले. दुसऱ्या दिवशी अकरा पडले. आमच्या मंडळींनी पेढे आधीच वाटून टाकले होते.

एकदा बुलढाण्याहून डिप्टीसाहेब शाळा तपासायला आले. मी घामाघूम होऊन धडा देत होतो, तेवढ्यात दारात डबा वाजला आणि तेच वाक्य आले, "मास्तर, पोरायचं ग्यान आज किती सांडलं?" साहेबांनी चष्म्यावरून आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. माझी नोकरी गेली असेच मी धरून चाललो. पण साहेबांनी खडूचे प्रयोजन विचारले, मिस्त्रीने सांगितले, आणि साहेब खुर्चीवरून उठलेच. त्यांचीही मोटर गळत होती. उरलेली तपासणी मिस्त्रीच्या अंगणात झाली. साहेब उकिडवे, मिस्त्री उकिडवा, मी वर्गाची हजेरी घेऊन मागे उभा. जाताना साहेबांचा काळा कोट कोपरापर्यंत पांढरा होता. आमच्या शाळेला त्या वर्षी शेरा उत्तम मिळाला.

या फटफटीच्या मागच्या बाजूला एक गादी बसवलेली होती. मिस्त्रीने ती स्वतः शिवली होती, जिनातला धुतलेला कापूस भरून. वर पांढऱ्या धोतराचा अभ्रा, तो दर आठवड्याला धुतला जाई. या गादीवर कोणी बसायचे नाही. मला एकदा घाईने कचेरीत जायचे होते, म्हणून मी विचारले, तर म्हणाला, "थे जागा कोरडी ठेवली हाय, मास्तर." आणि तो माझ्याबरोबर फटफटी ढकलत पायी आला. शेजारधर्म म्हणून.

ती जागा कोणासाठी होती हे सगळ्या गावाला ठाऊक होते. मिस्त्रीला एकच मुलगी, सुभद्रा. आई लहानपणीच गेलेली, बापानेच वाढवलेली. तिचे लग्न होऊन ती बुलढाण्यापलीकडे, राजूरचा घाट उतरून, धामणगाव बढ्याला गेली होती. आमच्याकडे सासरी गेलेली लेक आपल्या पायांनी माहेरी येत नाही. बापाने किंवा भावाने मुराळी होऊन जायचे, मानाने तिला घेऊन यायचे. सुभद्रेला भाऊ नव्हता. लग्नानंतर चार महिन्यांत मिस्त्रीने फटफटी घेतली आणि जिनात जाहीर केले, "लेकीले आणाले मी फटफटीवर जाईन. वऱ्हाडात असा मुराळी कोनं पाह्यला नसन!"

पण पहिली दिवाळी आली तेव्हा गळती निघाली. दुसरी दिवाळी आली, गळती चालूच. कोणी टोकले की तो एवढेच म्हणे, "पहिले गळती, मंग गाव. राजूरच्या घाटात तेल सरलं तं लेकीले काय चालवत आनू?"

"अहो, सर्व्हिस मोटरीनं जा की!" आमच्या मंडळी एकदा वैतागून म्हणाल्या. "पोरगी वाट पाहून पाहून सुकली असन तिकडं."

"जातो न, वयनी," असे म्हणून तो जाळी धुवायला निघून गेला.

लोक मात्र वेगळेच बोलत. ते म्हणत, लेक बापावर रुसली आहे आणि बापालाही तिची पडलेली नाही. त्याला कारण होते लग्नातला प्रसंग. मी तिथे होतो. व्याह्यांनी वऱ्हाडासाठी एक मोटर भाड्याने आणली होती. बोळवणीची वेळ झाली, सुभद्रा आत बसायला निघाली आणि मोटर काही सुरू होईना. ड्रायव्हर हँडल मारून मारून थकला. बाया रडून मोकळ्या झाल्या, काहींनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तरी मोटर ढिम्म. तेव्हा मुलीचा बाप नवा कोट आणि फेटा घालून मोटरीखाली शिरला. अर्ध्या तासाने इंजिन धडधडले आणि मिस्त्री कोपरापर्यंत काळा होऊन बाहेर आला. सुभद्रा वाकून पाया पडली, आणि गळ्यात पडायला पुढे झाली, तर याने दोन्ही हात मागे नेले आणि ओरडला, "दूर राय!"

पोरगी जागच्या जागी थांबली. मग खाली मान घालून मोटरीत बसली आणि मोटर गेली. मांडवात हशा पिकला. लेकीपेक्षा मोटर प्यारी, असे कोणीतरी म्हणाले. मीही हसलो होतो, आणि ते आठवले की मला अजून स्वतःचा राग येतो.

तिसऱ्या दिवाळीच्या आधीच्या एका रविवारी मिस्त्री डबा आमच्या ओट्यावर विसरून चाचणीला निघून गेला. मंडळी म्हणाल्या, द्या नेऊन. मी सायकल काढली. जिनाच्या फाटकाशी तो नव्हता. पण रस्त्यातल्या धुळीत तेलाचे थेंब पडलेले दिसले, आणि ते फाटक ओलांडून बुलढाण्याच्या वाटेने गेले होते. मी थेंबांच्या मागे निघालो. वरून पाहायचे की खालून, हा प्रश्न आज नव्हता.

तिसऱ्या मैलाच्या दगडाशी कडुलिंबाचे झाड होते. त्याखाली फटफटी उभी होती आणि शेजारी मिस्त्री. अंगात लग्नातला कोट, परीटघडीचे धोतर, डोक्याला फेटा. फटफटीच्या दांडीला एक गाठोडे बांधलेले, त्यातून हिरव्या लुगड्याचा काठ डोकावत होता. तो बुलढाण्याच्या दिशेला बघत उभा होता. फटफटीखालची जमीन परातीएवढी काळी झाली होती. एका रविवारात एवढे तेल गळत नाही, हे मला मास्तरालाही कळले.

"इथं काय करून राह्यले, दौलतराव?"

"चाचणी," तो म्हणाला.

"लुगडं घेऊन?"

तो मैलाच्या दगडावर बसला आणि दोन्ही हात पुढे धरून बघू लागला. हात स्वच्छ होते. राख आणि लिंबाने घासून घासून कातडी पांढरी पडली होती.

"नवा शालू व्हता तिचा," तो म्हणाला. "माये हात हे असे भरले व्हते. तिले डाग लागन म्हनून म्हटलं, दूर राय. पुढचं बोलाचं व्हतं, मास्तर, पन तेवढंच तोंडातून निघालं. तवापासून हात धुऊन राह्यलो. आता जाईन तं कोरड्या मशीनवर, कोरड्या हातानं जाईन."

माझी नजर इंजिनाच्या पोटाकडे गेली. झाकणाच्या कडेला एक थेंब फुगत होता. आणि मला एकदम जिनातली गोष्ट आठवली. दोन भागांच्या मध्ये जाड कागदाचे पॅकिंग असते. ते एकदा दाबून बसले की उघडायचे नाही, उघडले की त्याचा जीव गेला, हे मिस्त्री तिथे प्रत्येकाला ओरडून सांगे.

"दौलतराव," मी म्हणालो, "बसल्या जॉइंटाले हात लावू नये, हे तुमीच सांगता न? मंग हे झाकण रोज काऊन उघडता?"

"जाळी पाहाले."

"दोन वर्सांत जाळीत काय निघालं?"

"काई नाई. साफ हाय."

"मंग?"

तो फेटा काढून मांडीवर ठेवून बसला. "मले मालूम हाय, मास्तर," तो म्हणाला. "पहिल्या महिन्यातच समजलं व्हतं. पन गळती बंद झाली तं जा लागन न! अन् मी गेलो, अन् तिनं म्हटलं, दूर राय, तं?"

मग मी त्याला एक गोष्ट सांगितली. सुभद्रा माझ्या शाळेत चौथीपर्यंत शिकली. दुपारी बापाला भाकर द्यायला जिनात जाई आणि परत येई ती गालावर काळी बोटे घेऊन. एकदा मी रागावलो, तोंड धुऊन ये म्हणालो. तर ती जागची हलली नाही. म्हणाली, "राहू द्या, गुरुजी. बाबानं हात फिरवला." दिवसभर तशीच बसली.

"तिले तेलाचं वावडं कधी व्हतं?" मी विचारले.

त्याने फेटा डोक्याला बांधला, फटफटी वळवली आणि आम्ही दोघे चिखलीकडे परत आलो. मी फार बोललो की काय, या विचाराने मला जेवण गेले नाही.

त्या आठवड्यात तो खडू न्यायला आला नाही. मी रोज भुकटी जमवत होतो. पुडी शनिवारी ओट्यावर ठेवली, ती तशीच राहिली. रविवारी सकाळी कुंपणापलीकडे पाहिले तर अंगणात फटफटी नव्हती. माझ्या उत्तरपत्रिकेवर ताजे थेंब होते, आणि कोणी ते मोजलेले दिसत नव्हते.

मी चहा न घेताच सायकल काढली. जिनाचे फाटक गेले. थेंब रस्त्याच्या मधोमध चालले होते. तिसरा मैल आला, लिंबाचे झाड आले. झाडाखालचा काळा डाग कोरडा होता, त्यावर रात्रीचा पाला पडलेला. तिथे कोणी थांबलेच नव्हते. मी उतरलो आणि सायकल हातात धरून पुढच्या वळणापर्यंत चालत गेलो. थेंब तिथूनही पुढे गेले होते.