तीन वेळा बान्झाई

माझा आवाज असा आहे की कुणाला ‘बसा’ म्हटलं तर माणूस उठून जातो. वेल्डिंगचं दुकान आहे माझं. दिवसभर ग्राइंडर कानाशी किंचाळतो, त्याच्या वर बोलायची सवय. (बायको म्हणते, ग्राइंडर निदान बंद तरी करता येतो.)

पोरीनं जपानी भाषेची परीक्षा दिली होती. पास झाली की नोकरी पक्की. दहावीला ती वर्गात पहिली आली तेव्हा मी एवढंच म्हणालो होतो, ‘बरं. चहा टाक.’ ते बायको अजून उगाळते. या खेपेला तिनं बजावलं, पोरीचं धड कौतुक करा, नाहीतर जेवायला येऊ नका.

आता आपल्या भाषेत असलं गोड बोलायचं म्हणजे माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हटलं, जपानीत बोलून टाकू. परक्या भाषेत कसली आलीय लाज.

मोबाइलवर व्हिडिओ बघितला. अभिनंदन म्हणजे ‘ओमेदेतो’. जमलं एकदाचं, म्हणजे ‘यात्ता’. आणि आनंद पोटात मावेनासा झाला तर दोन्ही हात वर करून तीन वेळा ‘बान्झाई’. व्हिडिओतली बाई हे सगळं हसत हसत सांगत होती. मी शब्द तेवढे उचलले.

निकालाच्या दिवशी सकाळपासून दुकानात सराव लावला. गेटची कडी लागत नाही म्हणून भांडायला आलेलं गिऱ्हाईक दारातच ‘ओमेदेतो’ ऐकून परत फिरलं. शेजारच्या टेलरनं मशीन थांबवून बायकोला फोन केला, तुमच्या माणसाचं डोकं आज जास्तच फिरलंय. तिनं भावाला धाडलं. मेव्हणा पैलवान गडी. आला तो थेट माझ्या पाठीमागं उभा राहिला.

तेवढ्यात पोरगी धावत आली. मोबाइल माझ्यापुढं धरला. ‘पास’ एवढं मला वाचता येतं.

मी दोन्ही हात वर केले. (उजव्यात हातोडा होता, हे नंतर कळलं.) पहिला बान्झाई दणक्यात झाला. दुसऱ्याला मेव्हण्यानं मागून कव घातली. तिसरा मी हवेत पाय झाडत म्हटला.

पोरगी बघतच राहिली.

“बाबा, हे माझ्यासाठी शिकलात?”

“मग काय टेलरसाठी?”

ती स्टुलावर बसून हमसून हमसून रडायला लागली. माझ्याही डोळ्यांत धूर गेला. (वेल्डिंग बंद होतं, ते सोडा.)

टेलर गळ्यात टेप घेऊन आला. माझ्या हातातला हातोडा त्यानं हळूच काढून घेतला. म्हणाला, नापास झाली तर झाली, पुढच्या वेळी होईल, त्यासाठी पोरीच्या अंगावर धावून जातात का.

मी ओरडून सांगितलं की पास झालीय ती, आणि मला आनंद झालाय.

टेलरनं एकदा रडणाऱ्या पोरीकडं बघितलं, एकदा मेव्हण्याच्या कवेत लोंबकळणाऱ्या माझ्याकडं.

“मग नापास झाली असती तर काय केलं असतंस?”