सरांच्या हेवी चेन

"आधी हेवी चेन बघायची, बाळा! जीच्या चार, एच्या दोन!" सर फोनवर ओरडले.

सर म्हणजे रोगप्रतिकारशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. बायको गेल्यापासून घरात बोलायला भिंती तेवढ्या होत्या. स्वतःला कमी ऐकू येतं म्हणून जगालाही कमीच ऐकू येत असणार, अशी त्यांची समजूत होती. नातीची डॉक्टरकीची परीक्षा तोंडावर आली होती, म्हणून तिला आजोबा आठवले होते.

आता, अँटिबॉडी म्हणजे रक्तातले पहारेकरी. त्यांचे जी, ए, एम, डी, ई असे पाच वर्ग; त्यात जीचे पुन्हा चार पोटप्रकार, एचे दोन. कोण कुठल्या वर्गातला, हे त्याच्यातल्या प्रथिनाच्या जड साखळीवरून, म्हणजे हेवी चेनवरून ठरतं. हे नातीला कळलं. भिंतीपलीकडे भाजी निवडणाऱ्या काकूंना एवढंच कळलं, की म्हाताऱ्याकडे सहा जड चेन आहेत आणि खाणारं तोंड एकच.

संध्याकाळी काकू वाटी घेऊन हजर. "एकटे जेवता, आम्हाला मेलं गोड लागत नाही!"

काकूंच्या पोटात काही राहत नसे. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरचा किल्लीवाला आला. "सर, कुलूप बघून देतो. पैसे नकोत, आपलं घर आहे." त्यानंतर पुतण्या उगवला. काकीच्या दहाव्यानंतर तो फिरकला नव्हता.

सर हरखले. त्यांनी माळ्यावरचा फळा काढला आणि शिकवायला सुरुवात केली. तिघं मान डोलवत बसले. असा वर्ग सरांना नोकरीतही मिळाला नव्हता.

"एम सगळ्यांत आधी धावून येतो, पण टिकत नाही. जी उशिरा येतो, पण राहतो."

पुतण्या वरमला. "टोमणे नका मारू, काका. उशिरा आलो, पण आता येत जाईन."

काकूंना धीर धरवेना. "सर, चेन लॉकरात ठेवल्यात ना?"

"लॉकरात? त्या रक्तात असतात!"

"ते खरंच. सोन्याची हौस रक्तातच असावी लागते."

सरांच्या हातातला खडू थांबला. सोनं! घरात होतं नव्हतं ते, बायकोची अंगठीसुद्धा, मुलगी कधीच घेऊन गेली होती. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. या माणसांना तोंडावर हाकलावं, असंही क्षणभर मनात आलं.

पण खरं सांगितलं असतं, तर चहा निवायच्या आत घर रिकामं झालं असतं. नातीची परीक्षा कालच संपली होती आणि फोन मुका झाला होता. टेबलावर चार कप होते. सरांनी ते पुन्हा एकदा पाहिले. मग त्यांनी फळा पुसला.

"हेवी चेन आज झाल्या," ते म्हणाले. "लाइट चेन राहिल्यात. त्याही दोन प्रकारच्या."

"अगं बाई! लाइटही आहेत?" उठू लागलेल्या काकू पुन्हा खाली बसल्या.

"आहेत ना. पण त्या उद्या."

किल्लीवाल्याने न सांगता कप उचलून मोरीत नेले. पुतण्याने बूट चढवता चढवता विचारलं, "उद्या कितीला येऊ, काका?"

"सकाळीच ये," सर म्हणाले. "विषय मोठा आहे."