बुटकी बुडाली

खोटं कसं बोलावं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्याने खुशाल माझ्याकडे यावं. औषधांच्या गोदामात मी आयुष्यभर हिशेब लिहिले. खोट्यालाही दोन बाजू असतात, हे तिथेच शिकले. एकीकडे काही लिहिलंत की दुसरीकडे ते उतरलंच पाहिजे. लोक घाईत एकच बाजू लिहितात आणि पकडले जातात. माझं तसं नाही!

बुटकीचंच घ्या. ही माझी शाळेतली मैत्रीण. अंगाने लहानखुरी, स्वभावाने भित्री. कानांनी कमी ऐकू येतं, म्हणून फोनवर येत नाही. सकाळी गरम पाणी पिते, बसमध्ये खिडकीसाठी हटून बसते. माझ्या खऱ्या मैत्रिणींचीसुद्धा मला इतकी माहिती नाही. बुटकीत दोष एवढाच, की ती नाही.

ती जन्माला आली माझ्या लेकीमुळे. आमचे हे गेले आणि लेकीने फर्मान काढलं, की या वयात एकटीने हिंडायचं नाही. सोबत असेल तर जा, नाहीतर सरळ माझ्याकडे राहायला ये. तिच्याकडे म्हणजे वॉशिंग मशीनच्या शेजारी, घडीच्या पलंगावर. जावई भला माणूस, पण मी खोलीत आले की टीव्हीचा आवाज कमी करतो. ज्या घरात आपल्यामुळे टीव्हीचा आवाज कमी होतो, तिथे पाहुणीसारखं जावं आणि पाहुणीसारखं निघावं. मी खऱ्या मैत्रिणींना विचारून पाहिलं. एकीला गुडघे होते, एकीला नातवंडं, तिसरीला अजून नवरा होता. शेवटी बुटकी तयार झाली. ती कधीच नाही म्हणत नाही.

तर या खेपेला आम्ही, म्हणजे मी, एका तळ्याकाठच्या लॉजवर उतरलो; वहीत नावं मात्र दोघींची. धक्क्यावर पाटी होती: गाईडसह कयाकमधून मासेमारी. कयाक म्हणजे शेंगेसारखी लांब, अरुंद होडी. एकामागे एक बसायचं, वल्हं मारायचं आणि जागा बघून गळ टाकायचा. मी पाटीवरच्या नंबरावर फोन लावला. पलीकडून एका बाईचा भरदार आवाज आला. होडी दोन गिऱ्हाइकांची आहे, आपण दुसरीतून बरोबर येतो, एकट्या गिऱ्हाइकाला नेत नाही, असं तिने बजावलं. दुसरी कुणी असती तर खट्टू होऊन फोन ठेवला असता. मी म्हटलं, "दोघी आहोत की." तिने घरच्या माणसाचा नंबर मागितला, मी लेकीचा दिला. दोन्ही बाजू चोख!

बेत साधा होता. सकाळी धक्क्यावर जायचं, मैत्रिणीचं पोट बिघडलंय म्हणून तोंड पाडायचं. दारात आलेलं गिऱ्हाईक कोण परत पाठवतं?

गाईडबाई माझ्याच वयाची निघाली, पण उंचीने दाराची चौकट. तिने माझ्या मागे डोकावून दुसऱ्या बाईंची चौकशी केली. मी पोटाचं सांगितलं. तिने गिऱ्हाईक परत पाठवलं नाही, पण कळवळली. हे माझ्या हिशेबात नव्हतं. आजारी बाईला लिंबूपाणी नेऊन दे, असं सांगायला तिने लॉजवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, खोलीला कुलूप आहे.

शहाण्या बाईने इथे खरं सांगून मोकळं व्हावं. पण हिशेबनिसाची खोड वाईट. चूक सापडली की तो ती खोडत नाही, दुसरी खोटी नोंद घालून मेळ बसवायला बघतो. मी म्हटलं, तिला बरं वाटलं असेल, काठाकाठाने चालत येत असेल.

गाईडबाईने काठाकडे तोंड करून खणखणीत हाक मारली. मी सवयीने बोलून गेले, की तिला ऐकू कमी येतं.

तिचा चेहराच बदलला. काठ शेवाळलेला, पाणी खोल, बाई आजारी आणि बहिरी! तिने शिट्टी फुंकली, एक फोन केला, आणि बघता बघता दोन होडीवाले आकडे लावलेल्या लांब काठ्या घेऊन पाण्यात शिरले. लॉजवाला दाढीचा साबण गालावर घेऊन धावत आला. त्याने विचारलं, बाईंच्या अंगात काय होतं? मी म्हटलं, निळा स्वेटर. का म्हटलं, देव जाणे.

थोड्या वेळाने एका काठीला निळं काहीतरी अडकलं.  खरं सांगते, मीही हात जोडले. बुटकीशिवाय मला होतं तरी कोण?

ती ताडपत्री निघाली.

मी गाईडबाईला बाजूला घेतलं आणि म्हटलं, बुटकी नाही.

"नाही म्हणजे?"

"म्हणजे नव्हतीच."

मग लेक, तिचं रोजचं 'गोळी घेतली का', पलंग, टीव्ही, सगळं एका दमात ओकले.  तिने शिट्टी मारून होडीवाल्यांना परत बोलावलं, बाई सापडल्या म्हणून सांगितलं, आणि माझ्याकडे वळली.

"एकटीच राहते, तरी दूधवाल्याला मीही अजून 'आम्ही गावाला चाललोय' असंच सांगते," ती म्हणाली. "पण माझ्या 'आम्ही'ला शोधायला मी कधी कुणाला पाण्यात उतरवलं नाही."

एवढ्यावर निभावलं असं वाटतंय, तोच माझा फोन वाजला. गाईडबाईने मघाशी जो एक फोन केला होता, तो लेकीला! पडद्यावर लेक, ऑफिसच्या जिन्यात, नाक लाल झालेलं. मावशी सापडल्या का, नसतील तर मी आत्ता निघते, आणि आई, तुझं हे हिंडणं आता बंद.

 तेवढ्यात माझ्या डोक्यावरून एक लांब हात आला आणि फोन घेऊन गेला.

"मीच बुटकी," गाईडबाई म्हणाली. "काही झालं नाही बाळा. वाट चुकले होते."

लेकीने डोळे पुसून पुन्हा बघितलं. मान वाकवूनही गाईडबाई पडद्यात मावत नव्हती.

"मावशी, तुम्ही... बुटक्या?"

"शाळेत होते. मग वाढले."

"आणि ऐकू येत नाही ना तुम्हाला?"

"मशीन बसवलंय. कालच."

असली खाडाखोड मी माझ्या हाताखालच्या पोराला माफ केली नसती. पण लेक हसली. कितीतरी दिवसांत मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं.

होडीत मी पुढे, गाईडबाई मागे, फोन प्लास्टिकच्या पाकिटात तिच्या गळ्यात, आणि लेक अजून फोनवरच. कयाकमध्ये पुढच्याला मागचं दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. शाळेत मी तिचा डबा चोरून खायचे, असं ऐकू आलं. गणितात मी नापास व्हायचे, असंही आलं. ही तर बदनामी! मग लेकीचा आवाज एकदम उतरला.

"मावशी, आई बरी आहे ना हो? मला नेहमी 'मजेत' एवढंच सांगते."

मागचं वल्हं थांबलं.

"तू तिला गोळी घेतली का एवढंच विचारतेस," गाईडबाई म्हणाली. "तिच्या पुढेही काहीतरी विचारत जा."

मी पाण्याकडे बघत राहिले, आणि नेमका तेव्हाच मासा लागला. दोरी ताणली, होडी डुलली, मी "मासा, मासा" करतेय, पण दोघी गप्पांत गर्क. मी एकटीने ओढला. चांगला हातभर, चकचकीत. दाखवायला मान वळवावी तर होडी कलंडणार. जरा वेळ एकटीनेच बघितला आणि सोडून दिला.

तेव्हापासून लेक पलंगाचा विषय काढत नाही. सोबत खात्रीची आहे म्हणते. गाईडबाईचं सांगणंही तिने मनावर घेतलंय. दर आठवड्याला फोन करते, तासभर बोलते, खोदूनखोदून विचारते. बुटकीला. माझी खुशाली तिला तिकडून कळते. लेकीचं पाठीचं दुखणं, जावयाची बदली, हे मला बुटकीकडून.

परवा संध्याकाळी घर फारच शांत वाटत होतं. लेकीला फोन लावला, तर व्यस्त. मग बुटकीला लावला, तोही व्यस्त.

म्हटलं, बरंय. माझ्याबद्दलच बोलत असतील.