जयवंताचे ऑटोमॅटिक सरबत

लेकीच्या, गोदूच्या, साखरपुड्याला सरबत इंदूबाईने करायचे की मशीनने, यावरून जयवंताच्या घरात वाद पेटला होता. वाद तसा एकतर्फीच होता. जयवंता बोलत होता आणि त्याची बायको इंदूबाई चुलीपुढे बसून कोकमाचा पाक ढवळत होती.

कर्जतच्या बाजारात जयवंताचे थंड पेयांचे दुकान होते. दुकान म्हणजे एक फळी, सोड्याच्या बाटल्या, गोणपाटात गुंडाळलेला बर्फ आणि कोकम सरबत. ते चाले इंदूबाईच्या हातच्या सरबतावर, आणि ही गोष्ट जयवंता सोडून सगळ्या बाजाराला ठाऊक होती. जयवंताचा राग होता तो नेमका त्या हातावर. इंदूबाई कधी मापून काही घालत नसे. उन्हातून ओझे वाहून आलेल्याला पाक सढळ, नुसताच ऐटीत येऊन बसलेल्याला बेताचा. विचारले की म्हणायची, "अंदाजानं घातला." माणसे चंद्रावर जाऊन आली आणि आपण अजून अंदाजावर बसलोय, असे जयवंता गिऱ्हाइकांना ऐकवत असे. शाळेत गणिताने त्याला दोनदा आपटले होते. तेव्हापासून त्याला मापाविषयी फार आदर वाटे.

मग मुंबईत एका बंद पडलेल्या थिएटरचे सामान मोडीत निघाले आणि जयवंता तिथून हे मशीन टेंपोत घालून घेऊन आला. वर काचेच्या दोन टाक्या, एकीत पाक आणि दुसरीत गार पाणी. खाली स्प्रिंगवर तोललेली एक तबकडी. तबकडीवर ग्लास ठेवला की त्याच्या वजनाने ती जराशी दबायची, खट् आवाज व्हायचा, आणि आधी मोजका पाक, मग मोजके पाणी ग्लासात पडायचे. ग्लास भरला की वजनाने तबकडी पार खाली जायची आणि नळ आपोआप बंद. वीज नको, माणूस नको. दुकानातल्या काचेच्या ग्लासांवर ते अगदी बिनचूक चालत होते, हे जयवंताच्या बाजूने सांगायलाच हवे. त्याच्या बाजूने सांगण्यासारखे यापुढे फारसे काही नाही.

साखरपुड्याला येणार होते नवरदेवाचे वडील, खालापूरकडचे येसाजीराव. भाताची मोठी जमीन, बोलणे थोडे आणि मानपानाला पक्के. मुलाची आधीची दोन स्थळे त्यांनी मोडली होती. एका घरी नारळ डाव्या हाताने पुढे आला म्हणून, आणि दुसरे कशावरून ते त्यांनी कोणाला सांगितलेच नाही. लोक दुसऱ्यालाच जास्त भीत.

"पोरीच्या मनात बसलाय तो पोरगा," इंदूबाई शेवटी ढवळणे थांबवून म्हणाली. "तुमचं मशीन त्यात मधी घालू नका."

"अगं, एकाला जास्त, एकाला कमी झालं म्हंजी मानपान बिघडतो. मशीन सगळ्यांना सारखं देतं. भांडायला जागाच नाय."

एवढे बोलून तो थांबला असता तरी निभावले असते. पण व्याह्यांना दुकानातल्या गिऱ्हाइकासारखे काचेच्या ग्लासात सरबत द्यायचे त्याच्या मनाला पटेना. आपल्याकडे पाहुण्याचा मान भांड्याच्या वजनावर ठरतो. उघड कोणी तसे म्हणत नाही, एवढेच. पोरासोरांना जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, पेले, चारचौघांना काच, सोयऱ्यांना पितळ, आणि व्याह्याला घरातला सगळ्यांत जड पेला. जयवंताने भाऊकीतून ओतीव पितळी पेले मागून आणले, त्यांना कल्हई करून घेतली, आणि आजोबांच्या वेळचा एक बैठकीचा पेला खास येसाजीरावांसाठी घासूनपुसून ठेवला. तो उचलताना मनगट वाकत असे. मशीन आणि मानपान या दोन्हींची सोय आपण एकट्याने केली, म्हणून तो स्वतःवर बेहद्द खूश होता. मशीनला मानपानातले काही कळत नाही, हे त्याच्या लक्षात यायला साखरपुड्याचा दिवस उजाडावा लागला.

पाहुणे ओटीवर बसले. मशीन माजघराच्या दाराशी एका स्टुलावर मांडले होते. जयवंताने त्याविषयी चार शब्द बोलून घेतले, त्यात चंद्रही येऊन गेला. मग त्याने तो बैठकीचा पेला दोन्ही हातांनी तबकडीवर ठेवला. तबकडी तळापर्यंत गेली. पेला भरलेलाच आहे अशी मशीनची समजूत झाली आणि नळातून पाकाचे चार थेंब टपकून नळ बंद झाला.

जयवंताला वाटले, काहीतरी अडकले. त्याने पेला उचलून पुन्हा ठेवला, आणखी दोन थेंब पडले. सगळे बघत होते. मानाचा पेला परत नेणे म्हणजे अपमान, तेव्हा त्याने तो तसाच येसाजीरावांच्या हातात दिला. येसाजीरावांनी आत डोकावून पाहिले. मग पेला तोंडाला लावला, रिकामा पेला जितका वेळ लावता येतो तितका वेळ, आणि खाली ठेवला.

दुसरा पेला नवरदेवाच्या नागूमामाचा. तो जरा हलका, म्हणून मशीनने त्याला पाक दिला पण पाण्याचे नाव काढले नाही. नागूमामाने मोठा घोट घेतला आणि त्याचे डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. पुढे काचेच्या ग्लासांची पाळी आली तेव्हा मशीन सुधारले. लांबच्या पाहुण्यांना, शेजाऱ्यांना, कोणी न बोलावता आलेल्यांना सुरेख सरबत मिळाले. ते मिटक्या मारत होते आणि येसाजीराव त्यांच्याकडे बघत होते.

मग पोरांचे जर्मनचे पेले आले. ते इतके हलके, की भरून वाहू लागले तरी तबकडी तळाला जाईना आणि नळ बंद होईना. सरबत पेल्यातून स्टुलावर आणि स्टुलावरून सतरंजीवर उतरले. त्या घरची जमीन उताराची होती आणि उतार नेमका सोयऱ्यांच्या बाजूला होता. नवरदेवाचा पांढरा लेंगा पाहता पाहता कोकमाच्या रंगाचा झाला. जयवंताने नळ दाबून धरला, मग मशीनला थापटले, मग हातात आला तो पाना घेऊन स्प्रिंग पिरगाळली. स्प्रिंग निसटून माळ्यावर गेली. सरबत थांबले, पण मशीनही कायमचे थांबले.

"येसाजी, उठ," नागूमामा म्हणाला. "पोरांना पूर, आन् व्याह्याला रिकामा पेला. ही माणसं आपली नव्हं."

येसाजीराव उठले नाहीत, पण त्यांनी पायाशी ठेवलेली टोपी उचलून मांडीवर घेतली. माजघराच्या दाराआड गोदू उभी होती, तिचा चेहरा जयवंताला दिसला. त्याला पहिल्यांदा वाटले, की आपण जन्मभर अंदाजाने वागलो असतो तर बरे झाले असते.

तेवढ्यात आतून बांगड्यांचा आवाज आला. इंदूबाईने सकाळीच नवऱ्याची अक्कल ओळखून एक मोठी घागर भरून सरबत करून चुलीमागे गार ठेवले होते. ते तसेच बाहेर आणले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण जयवंताला मशीनची अब्रूही वाचवायची होती. त्याने चटकन एक चादर काढून मशीनपुढे आडवी बांधली आणि सांगून टाकले, की नव्या मशीनला उजेड लागला की असे होते, झाकले की ठीक चालते. इंदूबाई माजघरातून पेले भरून चादरीआड देई आणि जयवंता ते बाहेर आणून पाहुण्यांपुढे ठेवी. आणताना तो तोंडाने खट् असा आवाजही काढत होता.

येसाजीरावांनी बैठकीचा पेला या वेळी दोन्ही हातांनी उचलला. एक घोट घेतला, थांबले, आणि उरलेला पेला एका दमात संपवून पुढे केला.

"मीठसुदा बरोबर," ते म्हणाले. सगळ्या बैठकीत ते पहिल्यांदाच बोलले होते. "मशीन हुशार हाय. लग्नात हेच पायजे. आमच्या गावाला बघू द्या."

टोपी डोक्यावर गेली, सुपारी फुटली, गोदूचे लग्न ठरले. जयवंताने मान डोलावली आणि आतून इंदूबाईने कपाळावर हात मारलेला त्याला ऐकू आला.

लग्नापर्यंत मशीन दुरुस्त करण्याचे सगळे उपाय झाले. रेल्वेतल्या एका ओळखीच्या फिटरने नवी स्प्रिंग बनवून दिली. ती इंजिनाला शोभली असती. तबकडीवर ठेवलेला ग्लास तिने सरळ जयवंताच्या अंगावर फेकला. शेवटी जयवंता बायकोकडे गेला आणि लग्नातही पडद्यामागे तिनेच बसावे, असे त्याने जमेल तितक्या गोड शब्दांत सुचवले.

"नवरीच्या आयनं मांडवात बसायचं, का पडद्यामागं?" इंदूबाई म्हणाली. "मशीन तुमी आणलंत. आता तुमीच मशीन व्हा."

मग कोकमात किती साखर, किती मीठ, जिऱ्याची चिमूट केवढी, हे तो बायकोकडून शिकू लागला. ती प्रत्येक वेळी एकच सांगे, अंदाजानं घाला.

लग्न दारातच होते. कन्यादान झाले, अक्षता पडल्या, आणि जयवंता पाहुण्यांच्या गर्दीतून सटकून मांडवाच्या कोपऱ्यात पडद्यामागे जाऊन बसला. पडद्याला खाली फट ठेवली होती. लोक रांगेने फटीतून रिकामा ग्लास आत सरकवत, आत खट् वाजे, आणि भरलेला ग्लास बाहेर येई. खट् वाजवायला त्याने एक डबा आणि चमचा घेतला होता. खालापूरकडची मंडळी थक्क झाली. कोणी ग्लास सरकवला, कोणी तांब्या, एका म्हातारीने घरून आणलेली किटली सरकवली, मशीनने सगळे भरून दिले. जयवंताच्या पायाला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली, शिंक आली तीही गिळावी लागली. माणसाचे कष्ट वाचवणारे मशीन म्हणून ज्याचे गोडवे गायले, ते आपणच झालो, असे मनात येऊन त्याला आपलेच हसू आले. पण हसायचीही सोय नव्हती.

रांग संपेना. सरबत गोड लागत होते आणि लोक पुन्हा पुन्हा येत होते. तोच मांडवात गलका झाला. पाठवणीची वेळ झाली होती. गोदूच्या रडण्याचा आवाज जयवंताने ओळखला. नवरीचा बाप कुठे आहे, म्हणून हाका सुरू झाल्या. उठून जावे तर मशीन बंद पडणार आणि लोक पडदा उचलून आत बघणार. न जावे तर पोरगी बापाला न भेटता सासरी जाणार. पळी हातात धरून तो बसून राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. पुढचा ग्लास आला, तो त्याने डोळे न पुसताच भरून दिला.

आणि मागच्या बाजूने पडदा उचलून येसाजीराव आत आले. निघण्याआधी मशीन एकदा डोळ्यांनी बघावे, अशी त्यांची इच्छा होती.

त्यांनी घागर पाहिली, डबा पाहिला, चमचा पाहिला. मग जयवंताकडे पाहिले.

"मशीन कुठं हाय?" त्यांनी हळू आवाजात विचारले.

जयवंताने कोपरापर्यंत लाल झालेले हात पुढे केले. "हे काय. दुसरं चालत नाय. साखरपुड्यालाबी चालत नव्हतं. ते गोदूच्या आयनं केलं हुतं."

येसाजीरावांनी वाकून घागरीत डोकावून पाहिले. पोर आता त्यांच्या घरची झाली होती, आणि बापाच्या या उद्योगाचे टोमणे तिला जन्मभर ऐकावे लागणार, एवढेच जयवंताला दिसत होते. त्याने मान खाली घातली. फटीतून एक ग्लास आत आला आणि वाट बघत उभा राहिला.

येसाजीरावांनी मागचा पडदा नीट ओढून घेतला. फेटा काढून बाजूला ठेवला आणि बाह्या सारल्या.

"तुमची पोर माझ्या घरी चाललीय. तुमचं हसं झालं तर ते माझ्याच दारात येनार. उठा, पोर रडतीय. पळी द्या हिकडं."

"व्याही, तुमी मानाचं मानूस, तुमी कसं..."

"मानाचं मागनं बघू. खट् कशानं करता?"

जयवंताने डबा आणि चमचा दाखवला. येसाजीरावांनी एकदा वाजवून पाहिले आणि मान हलवली.

जयवंता धोतराला हात पुसत धावत मांडवात पोहोचला तेव्हा गोदू दाराकडे बघत उभी होती. त्याला पाहताच तिने त्याचे लाल हात घट्ट धरले. मशीनवर तो कितीतरी बोलला होता, पण पोरीला निरोप देताना बोलायचे असते ते त्याने कुठे शिकून ठेवले नव्हते. तो नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला.

रांगेत पुढे नागूमामा होता. फटीतून बाहेर आलेला ग्लास त्याने उजेडात धरला.

"ह्या मशीनचा हात आखडला रं," तो मोठ्याने म्हणाला. "अर्धाच भरलाय."

"नागू, सकाळपास्नं पितोयस," पडद्यामागून मशीन म्हणाले. "आता पुरं कर."

सगळी रांग जागच्या जागी थांबली. नागूमामाने ग्लास तसाच खाली ठेवला आणि पडद्याला हात जोडले. गोदू रडता रडता खुदकन हसली, आणि जयवंताला इतका वेळ आवरून धरलेला हुंदका शेवटी मोकळा करता आला.